एफी गोर्लेला आधी कळलं

पत्र आलं गुरुवारी, चहाच्या जरा आधी.
ईमेल असावा. पण आम्ही अजून पत्रच म्हणतो,
ईमेलनं एवढं मोठं काही घडू शकतं
हे डंडीत कुणाला पटत नाही.

पुढच्या आठवड्यात लंडन.
पाच शहरं, एक लांब टेबल, पलीकडे परीक्षक,
आणि युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवायचं एक वर्ष,
सहा वर्षं दूर असलेलं,
ज्याच्या पावसाळी दिवसांचाही आराखडा आम्ही तयार ठेवला होता.
(म्हणजे जवळजवळ सगळ्याच दिवसांचा.)

आमचे सहा जण जाणार होते. सातवी एफी.
वय एक्याऐंशी. पंधराव्या वर्षी ताग-गिरणीत लागली,
विशीच्या आत कान गेले.
मागांच्या खडखडाटात बायका ओठ वाचायच्या,
बोटांनी बोलायच्या:
मुकादम येतोय.
तिचा नवरा परत पिऊन आला.
शनिवारी नाचायला चल, निळा झगा घाल.

ही आमच्या शहराची मौखिक परंपरा आहे,
असं अर्जात सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. वाक्य माझं.
एफीला वाचून दाखवलं, तोंड नीट उघडून.
ती म्हणाली, परंपरा?
आम्ही याला चहाड्या म्हणायचो.

तर गुरुवारी आम्ही भांडत होतो
नदीचा फोटो आधी की पेंग्विनचे पुतळे आधी.
अ‍ॅलस्टर पिरी फोन घेऊन काचेच्या खोलीत गेला,
दार लावलं.
आतून काहीच ऐकू येत नव्हतं.
म्हणजे आम्हाला.

एफीनं अर्धी ब्रायडी कागदात परत गुंडाळली.
बोटं पुसली.
मग हात वर करून दोन बोटं
हळूच एकमेकांपासून दूर नेली.
सहा आठवड्यांत मी तिच्याकडून आठ खुणा शिकले होते.
ही तिसरी.
धागा तुटला. माग थांबवा.

अ‍ॅलस्टर बाहेर आला तेव्हा आम्ही सगळे
आधीच त्याच्याकडे बघत होतो.
बिचाऱ्यानं तरी सगळं सांगितलं:
देश संघातून निघाला,
म्हणून शहर नियमात बसत नाही.
वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर होतं.

या गावात दहातल्या सहांनी 'राहू' म्हटलं होतं.
राहूच म्हटलं,
आणि ग्रहण आम्हालाच लागलं.

संध्याकाळी लीड्सच्या त्या पोरीचा फोन आला,
जिला हरवायचं म्हणून मी महिनाभर नीट झोपले नव्हते.
हॅलो म्हणालो.
मग दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.
तिच्याकडे मागे कुणीतरी खोकी ओढत होतं.

छापलेल्या अर्जांचे तीन गठ्ठे जिन्याखाली आहेत.
चांगला कागद. एका बाजूनं कोरा असता तर
शाळेला देता आला असता.

एफीचा निळा कोट ड्रायक्लीनरकडे होता.
शनिवारी जाऊन तिनं तो आणला,
पैसे भरलेच आहेत म्हणून.
आणि तिकीट परत होत नाही म्हणून
मंगळवारी सकाळी स्टेशनवर आली, एकटीच,
पर्समध्ये दोन सँडविच.
जाऊन काय करणार, मी विचारलं.
माझ्या ओठांकडे बघूनही
तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

गाडी हलली तेव्हा खिडकीच्या काचेमागून
तिनं एक खूण केली.
आठांतली नव्हती.
तळहात उलटा, मग अंगठा, मग काहीतरी
जे डब्याच्या दांडीआड गेलं.

मीही हात हलवला, समजल्यासारखा.
पुलावर गाडी नदीबरोबर वळते
आणि शेवटचा डबा बराच वेळ दिसत राहतो.